गाडी गेली, आणि वर ‘फुकटे’ ठरलो

ताई, नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी राहते, वय ५२. आई ७८ वर्षांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तिची तपासणी पुण्यात होती, सकाळी दहाची वेळ. म्हणून रात्री साडेनऊच्या एसटीचं आरक्षण केलं. माझं अर्धं तिकीट, आईचं शून्य, आरक्षणाचे पैसे दोघींचे भरले. नऊच्या आधीच स्टँडवर पोचलो. आईला चहा पाजला, सुटे नव्हते म्हणून फोनवरून वीस रुपये दिले. खिडकीवर विचारलं तर ‘सहा नंबर’ म्हणाले. सहा नंबरच्या फलाटावर बाकावर बसून राहिलो.

पावणेदहाला विचारायला गेले, ‘येईल, बसा.’ सव्वादहाला गेले, ‘मागून लेट आहे.’ पावणेअकराला त्यांनी मान वर न करता नुसता हात हलवला. सव्वाअकराला गेले तेव्हा म्हणाले, ‘ती केव्हाच गेली, दहाच्या आत. आत जागा नव्हती म्हणून गेटाजवळ लागली होती.’ माईकवर का सांगितलं नाही, विचारलं तर माईक बंद. मी आवाज चढवला, खोटं कशाला बोलू? तेव्हा तो माणूस आईकडे बघून म्हणाला, ‘फुकटात जायचं आणि वर आम्हालाच शिकवायचं.’ मागची दोन माणसं हसली. तक्रार वही मागितली, तर ती साहेबांच्या कपाटात, आणि साहेब उद्या.

हायवेच्या पुलाखालून ट्रॅव्हल्स पकडली, दोघींचे १४०० रुपये. नंतर आरक्षणाचे पैसे परत मागितले, तर ‘गाडी आली होती, तुम्हीच बसला नाहीत.’ भाऊ म्हणतो, सोडून दे, सरकारी काम आहे. मुलगा म्हणतो, तुझ्या मोबाइलमध्ये त्या माणसाचा व्हिडिओ आहे, टाकून देऊ, चांगली जिरेल. मला वाटतं, तक्रार केली आणि त्याच्या पोटावर पाय आला तर? आणि आई तेव्हापासून एकच म्हणते, मला आता कुठे नेऊ नकोस, माझ्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागलं.

काय करू?
– एक लेक

(स्टँडचं आणि गावाचं नाव तुम्ही लिहिलं होतं. ते मी काढलं आहे.)

सगळ्यात आधी तो चहा शोधा. फोनमधल्या व्यवहारांच्या यादीत जा, त्या तारखेचे वीस रुपये काढा आणि वेळेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. उद्या कोणी म्हणालं की बाई उशिरा आल्या आणि आता गाडीवर खापर फोडतायत, तर त्या वीस रुपयांसमोर पुढचं वाक्य सुचणार नाही. नऊच्या आधी स्टँडवरच्या टपरीवाल्याला पैसे देणारी बाई साडेनऊच्या गाडीसाठी वेळेवर हजर होती. याच रांगेत ट्रॅव्हल्सच्या १४०० रुपयांची नोंद ठेवा, आणि भावाला मधे फोन केला असेल तर त्याची वेळही. आरक्षणाचं तिकीट तर आहेच. ते कागदी असेल तर आजच फोटो काढा, त्या मशीनची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जड वाटलेली ओळ. ‘फुकटात’ची ओळ लागली खरी, तिच्याकडे मी येणारच आहे. पण जड आहे ती सव्वादहाची: ‘मागून लेट आहे.’ गाडी दहाच्या आत गेली, हे त्यांनीच नंतर तुम्हाला सांगितलं. म्हणजे सव्वादहाला तुम्ही खिडकीशी उभ्या होतात तेव्हा ती गाडी गावाबाहेर पडून गेलेली होती, आणि खिडकीतून तुम्हाला तिची वाट बघायला सांगण्यात आलं. त्याच वेळी खरं सांगितलं असतं तर तासभर आधी पर्याय शोधता आला असता. आईला अकरापर्यंत लोखंडी बाकावर बसवावं लागलं नसतं.

हे असं कसं होतं? मोठ्या स्टँडवर साधारण दोन जागा असतात, चौकशीची खिडकी आणि कंट्रोलरची केबिन. गाडी आली की कंडक्टर केबिनमध्ये येऊन नोंद करतो, वेळ पडते, गाडी सुटते. गाडी त्याच डेपोची असेल तर तिची खबर सगळ्यांना असते. पण लांबून येऊन पुढे जाणारी गाडी दुसऱ्याच डेपोची असते. ती गेटातून वळेपर्यंत खिडकीतल्या माणसाला तिच्याबद्दल तुमच्याइतकंच ठाऊक असतं. ‘येईल, बसा’ हे उत्तर तिथून जन्माला येतं. त्या खिडकीतल्या माणसाला दिवसभरात कितीजण तोच प्रश्न विचारतात, बाजूला फोन वाजत असतो, पास काढायला आलेली कॉलेजची पोरं एकमेकांना ढकलत असतात, हेही मी बघितलेलं आहे. ‘माहीत नाही’ म्हटलं की माणसं अंगावर येतात, म्हणून ‘येईल’ म्हणायची सवय लागते. समजू शकते मी. पण गाडी गेटाजवळ लागली, कंडक्टरने नोंद केली असेल तर ती शेजारच्या केबिनमध्ये झाली, आणि तुम्ही तीनदा खिडकीशी गेलात. मधे एक भिंत आणि एक दार. उठून बघायला अर्धा मिनिट लागला असता.

तुमच्या तक्रारीचं हाड हे आहे. एक, गाडी सांगितलेल्या फलाटावर लागली नाही. दोन, जागा बदलल्याचं कोणी सांगितलं नाही. तीन, गाडी गेल्यावरही ती यायची आहे असं सांगण्यात आलं. पैसे परत मिळण्याचा प्रश्नही इथेच सुटतो. ‘गाडी आली होती, तुम्ही बसला नाहीत’ हे त्यांचं म्हणणं तेव्हाच टिकतं, जेव्हा गाडी प्रवाशाला सापडेल अशा जागी आलेली असते.

अपमानाचा मुद्दा या कागदात घालू नका. घालायचाच तर शेवटी एका ओळीत. हे सांगताना मला माझंच एक पत्र आठवतं. वीसेक वर्षांपूर्वी असाच एका स्टँडवर माझा संताप झाला होता, भर पावसात, लहान मुलीला घेऊन. घरी येऊन तीन पानं लिहिली. ‘उद्दाम’, ‘बेजबाबदार’, ‘जनतेच्या पैशावर पोसलेले’, काय काय होतं त्यात. आमचे हे म्हणाले, लेख छान झालाय. दोन महिन्यांनी उत्तर आलं, ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ मग एका निवृत्त वाहतूक निरीक्षकांनी, आमच्याच आळीत राहायचे, मला ते पत्र परत लिहायला लावलं. म्हणाले, वहिनी, यातली विशेषणं काढा आणि गाडी नंबर घाला. माझ्याकडे गाडी नंबर नव्हता. म्हणाले, मग सुटायची वेळ, कुठून कुठे आणि तारीख घाला, नंबर त्यांना काढू द्या. सात ओळींचं पत्र झालं. त्याला तीन आठवड्यांत उत्तर आलं, तेही माफीचं. का, तर विशेषणाला ‘नोंद घेतली’ म्हणता येतं. ‘अमुक तारखेला अमुक वाजता ड्यूटीवर कोण होतं’ याला काहीतरी लिहावंच लागतं.

तेव्हा असं काहीसं लिहा:

‘मा. आगार व्यवस्थापक यांस. दिनांक अमुक रोजी रात्री ९.३० च्या अमुक ते पुणे गाडीचे माझे व माझ्या आईचे (वय ७८) आरक्षण होते, तिकीट क्रमांक अमुक. चौकशी खिडकीवर फलाट क्र. ६ सांगण्यात आला. आम्ही रात्री ९ पूर्वीपासून तेथे हजर होतो (पुरावा जोडला आहे). गाडी फलाट ६ वर न लागता गेटाजवळ लागली व तेथूनच सुटली. याची कोणतीही सूचना देण्यात आली नाही. रात्री १०.१५ वाजता विचारले असता गाडी यावयाची आहे असे सांगण्यात आले. ११.१५ वाजता गाडी गेल्याचे कळले. तक्रार वही मागूनही मिळाली नाही. पर्यायी प्रवासासाठी १४०० रुपये खर्च आला. आरक्षणाची पूर्ण रक्कम व हा खर्च मिळावा आणि झालेल्या प्रकाराची लेखी माहिती मिळावी. त्या रात्रीचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे.’

चित्रणाचं वाक्य विसरू नका. कॅमेरे असले तरी जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, त्यामुळे या कामात दिरंगाई परवडणार नाही. पत्राच्या तीन प्रती घ्या, डेपोच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. ‘ठेवून जा, साहेब बघतील’ म्हणाले तर हसून म्हणा, ‘ठेवते, पण पोच द्या.’ दिली नाही तर वाद घालत बसू नका, कोपऱ्यावरच्या पोस्टातून स्पीड पोस्ट करा, पावती जपा. तिसरी प्रत विभाग नियंत्रकांना जाऊ द्या. वरच्याला प्रत गेली आहे हे खालच्याला कळलं की फाईल टेबलाच्या त्या कडेवरून या कडेला येते.

महिनाभरात उत्तर नाही आलं, किंवा ‘गाडी वेळेवर व नियोजित फलाटावरून सुटली’ असं आलं, तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे सगळी कर्मकहाणी पुन्हा नको. एवढंच मागा: त्या रात्री त्या गाडीची येण्याची आणि सुटण्याची नोंद, लागल्याची जागा, आणि ध्वनिक्षेपक कधीपासून बंद होता व दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहार. शेवटचं मुद्दाम मागा. माईक सहा महिने बंद असेल आणि दुरुस्तीचं एकही पत्र नसेल, तर दोष खिडकीतल्या माणसाच्या बऱ्याच वर जातो. माहिती तीस दिवसांत द्यावी लागते, नाही दिली तर पहिलं अपील.

भाऊ म्हणतो ते ‘सरकारी काम आहे’. असू दे. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की पैसे घेऊन सेवा देणारी सरकारी संस्थाही ग्राहक कायद्याच्या बाहेर नाही. नाहक त्रास दिल्याबद्दल भरपाई बसली तर ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचीही सोय त्या निकालात आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर आणखी सोपं केलं. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. एक मात्र जपा, तक्रार तुमच्या नावाने करा, आईंच्या नको. विनामूल्य सेवा कायद्यात बसत नाही असा मुद्दा समोरचा वकील काढू शकतो. तुम्ही तर पैसे मोजलेले आहेत.

मोठ्या रकमेची आशा मी दाखवणार नाही. आरक्षणाचे पैसे, जमलं तर १४०० आणि त्रासापोटी थोडं काही. तुमच्याकडे वेळ आणि चिकाटी असेल तरच आयोगापर्यंत जा. पहिली दोन पत्रं मात्र जरूर द्या, त्याला एक संध्याकाळ पुरते.

मुलगा म्हणतो तो व्हिडिओ. जपून ठेवा, टाकू नका. त्या अर्ध्या मिनिटात माईक नाही, फलाट नाही, गेटाजवळची गाडी नाही. आहे तो एक दमलेला, उर्मट माणूस. लोक त्याला शिव्या देतील, कोणी त्याच्या बायको-मुलांपर्यंत पोचेल, कोणी तुम्हालाच ‘फुकट प्रवास’वरून बोलेल, आणि त्या सगळ्या गोंधळात आईंचा चेहरा चारशे लोकांच्या ग्रुपवर फिरेल. त्यांनी आधीच कुठे जायचं नाही म्हटलंय. मुलाला सांगा, रागावला ते बरं केलंस, आता पत्र टाईप करून दे.

पोटावर पाय येईल का? तुमचा हा प्रश्न वाचून मला तुमच्याबद्दल माया वाटली. नाही येणार. अशा तक्रारीत साधारणपणे खुलासा मागवतात, ताकीद देतात. कायम कर्मचाऱ्याला काढायचं तर आधी रीतसर चौकशी लागते, आणि ती एका वाक्यासाठी होत नाही. तुम्ही सगळ्याच्या सगळ्या ओळी गाडीबद्दल लिहिल्यात तर त्याला खुलाशात लिहिता येईल की माईक बंद आहे आणि पाळीवर मी एकटा होतो. हे कागदावर येणं त्याच्याही फायद्याचंच आहे, त्याला ते आज कळणार नाही इतकंच.

आता आईंचं.

‘फुकटात’ हा शब्द त्यांना लागला, कारण त्या पिढीला फुकटचं काही घ्यायची सवय नाही. घेतलेली वाटी रिकामी परत न देणारी माणसं ती. त्यांना तुम्ही ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणालात तर त्या ‘नाही घेत’ म्हणतील आणि रात्री जाग्या राहतील. त्यापेक्षा हिशोब सांगा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास राज्य सरकारने २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू केला, तुम्हाला निम्मं तिकीट १७ मार्च २०२३ पासून मिळतं. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला देतं. उशिरा देतं, त्यावरून दोघांत कुरबुर चालते, पण देणं सरकारचं आहे. कंडक्टर त्यांच्या हातात शून्याचं तिकीट का देतो? अशी किती तिकिटं फाडली, यावरूनच पैसे मागता येतात म्हणून. त्या शून्याच्या मागे रक्कम आहे. ती सरकारी तिजोरीतून येते, आणि त्या तिजोरीत आईंनी आयुष्यभर काडेपेटीपासून ते घरपट्टीपर्यंत टाकलेलंच आहे.

आमच्या सासूबाईंना पहिल्यांदा शून्याचं तिकीट मिळालं तेव्हा त्यांनी कंडक्टरला दहाची नोट देऊ केली होती. ‘राहू दे रे, चहा घे.’ तो म्हणाला, आजी, तिकीट जपून ठेवा, चेकर आला तर दाखवायचंय. त्यांनी ते पोथीत ठेवलं, अजून आहे, शाई उडालेलं. त्यांना जर त्या दिवशी असा कोणी भेटला असता तर त्याही परत गाडीत चढल्या नसत्या, हे मला ठाऊक आहे. म्हणून म्हणते, पैसे मिळोत न मिळोत, आईंची पुढची तपासणी ट्रॅव्हल्सने किंवा भावाच्या मोटारीने करू नका. एसटीनेच न्या. डॉक्टरांनी तारीख दिलीच असेल. मात्र रात्रीची नको, पहाटेची गाडी बघा, उजेडात स्टँडचं तोंड वेगळं असतं. आणि डेपोत पत्र द्यायला जाल तेव्हा आईंनाही बरोबर घेऊन जा, त्यांची तयारी असेल तर. त्यांना बोलायला लावू नका. तुम्ही नीट, हळू आवाजात बोलताय आणि समोरचा माणूस शिक्का शोधतोय, एवढं त्यांना दिसलं तरी पुष्कळ.

तुमचं काही चुकलं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर ते आहे. आवाज चढला ते चुकलं म्हणायचं तर म्हणा. दोन तास वाट बघून कोणाचाही चढला असता. त्या माणसाची माफी मागायला जाऊ नका आणि त्याला मागायलाही लावू नका. पुढच्या वेळी तो त्याच खिडकीत असेल. त्याला फलाट विचारा, आणि तो सांगेल त्यावर विसंबून दोघीही बाकावर बसू नका. आई बाकावर, पिशवी त्यांच्या पायाशी, आणि गाडीच्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून तुम्ही गेटातून आत वळणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी दिसेल अशा जागी उभ्या. गाडी दिसली की कंडक्टरला आधी गाठा, ‘दोन आरक्षणं आहेत, आई सावकाश येतायत’ म्हणून सांगा. तो थांबतो.